चेहरा कुणाच्या मालकीचा?

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या सुप्यातल्या बी-बियाणे आणि खते विकणाऱ्या एका दुकानात एका कंपनीचे नव्या वर्षाचे कॅलेंडर लागले. जूनच्या पानावर एका म्हातारीचे मोठे रंगीत छायाचित्र होते. उन्हाने रापलेला चेहरा, कपाळावर आडवा धरलेला हात, त्या हाताखालून दूर कुठेतरी लागलेले डोळे आणि मागे सारे धूसर. खाली एकच शब्द छापलेला होता : 'प्रतीक्षा'.

छायाचित्र चांगले होते. केवळ नावे ठेवायची म्हणून ठेवणाऱ्यांतला मी नव्हे. कपाळावरच्या हाताची सावली डोळ्यांवर नेमकी अशी पडली होती की सुरकुत्या उजेडात आणि नजर अंधारात. पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात ते पान लागले असते तर आल्यागेल्याने दोन क्षण थांबून सुस्कारा टाकला असता.

सुप्यात मात्र कुणी सुस्कारा टाकीना. कारण म्हातारी आमच्याच गावची. शाळेला जाणाऱ्या पोरांनी ती पहिल्याच दिवशी ओळखली आणि तिचा नातू, जो माझ्याच वर्गात होता, त्याला 'हिरॉइनचा नातू' असे नाव पडले. मागे जो धूसर खांब दिसत होता, तो झाडाचा बुंधा नसून एस.टी.च्या थांब्याचा होता, हेही पोरांनीच शोधून काढले. म्हणजे म्हातारी पावसाची वाट पाहत नव्हती, पारनेरच्या एस.टी.ची पाहत होती. प्रतीक्षा होती हे खरे, आणि एस.टी.च्या प्रतीक्षेतही पुष्कळ कारुण्य असते हे आम्हा पारनेर तालुक्यातल्या माणसांना कुणी सांगावयास नको. पण बियाण्याच्या कंपनीला ते कारुण्य अभिप्रेत नसावे. आमच्या टेकडीवरच्या पवनचक्क्यांचे फोटो काढावयास नगर-पुणे रस्त्यावरून जाणारे हौशी लोक थांबतात. त्यांतल्याच कुणीतरी गाडीतून उतरून तो टिपला असावा.

आठ-दहा दिवसांनी आजी माझ्या दारात आल्या. "गुरुजी, आर्ज लिहा," म्हणाल्या.

मला वाटले, पैशाचे काही असेल. तसे नव्हते. त्या दिवशी त्या खुरपणीवरून तशाच निघाल्या होत्या, अंगावर रानातले लुगडे होते आणि ते खांद्यावर फाटलेले होते. "ह्यो फोटू लेकीच्या सासरी बी लागला आसंल. त्यांला काय वाटंल? म्हातारीला घरात कुणी धडुतं देत न्हाई, आसंच ना?" घरात सुनेने दोन दिवस अबोला धरला होता, सासूला फाटके नेसवते अशी आपली चारचौघांत बदनामी झाली, हे तिचे म्हणणे. मुलगा दुकानदाराशी भांडून आला होता. "काढायचाच व्हता तर सांगायचं व्हतं. मी नवं लुगडं नेसून आले आसते," आजी म्हणाल्या.

मी कागद घेतला, वर 'प्रति' असे लिहिले आणि तेथेच अडलो. प्रति कोण?

आधी चित्रापुरते बोलतो, कायद्याकडे मग जाऊ. आपल्याकडे कथा-कादंबरीवर, नाटकावर टीका लिहिण्याची रीत आहे. छायाचित्राला मात्र 'बोलके' म्हटले की समीक्षा संपली. प्रदर्शनांत, कॅलेंडरांवर, आणि खरे बोलावयाचे तर दिवाळी अंकांतही, वर्षानुवर्षे तीच चित्रे येत असतात. सुरकुतलेली म्हातारी आली की खाली 'वार्धक्य'. डोक्यावर हंडा घेतलेली बाई आली की 'तहान'. पंढरीच्या वाटेवरचा पागोटेवाला म्हातारा म्हणजे 'भक्ती', आणि नाक वाहणारे उघडे पोर म्हणजे 'निरागसता'. माणूस एक, आणि त्याच्या खाली भाववाचक नाम एक. व्याकरण शिकवणाऱ्या मास्तराच्या नजरेला ही गोष्ट खुपते. जेथे विशेषनाम पाहिजे तेथे भाववाचक नाम कसे आले?

तेव्हापासून अशा चित्रांना मी एक परीक्षा लावतो. खालचे भाववाचक नाम खोडावे आणि तेथे त्या माणसाचे नाव, गाव आणि त्या वेळी तो काय करीत होता ते मनातल्या मनात लिहावे. 'अमुक आजी, सुपा, पारनेरच्या गाडीची वाट पाहताना.' एवढे लिहिल्यावरही चित्र उभे राहिले तर ते चांगले. कॅलेंडरातले चित्र ह्या परीक्षेत तात्काळ कोसळते. पाहणाऱ्याला वाटणारी हळहळ त्या चेहऱ्यातून येतच नव्हती. ती बाई कोण हे आपल्याला ठाऊक नाही, यातून येत होती. ओळखीच्या माणसावर 'प्रतीक्षा' ही चिठ्ठी चिकटवता येत नाही. ती चिकटवावयाची तर आधी त्याला अनोळखी करून घ्यावे लागते.

ही खोड आजची नव्हे. मुंबईत विल्यम जॉन्सन नावाचा छायाचित्रकार होता. त्याने मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध केले. चित्राखाली जात आहे, धंदा आहे, माणसाचे नाव नाही. त्याची युक्ती अशी की माणसांचे फोटो एकीकडे काढावयाचे, ती कापून घ्यावयाची आणि दुसऱ्याच एखाद्या देखाव्यावर बसवावयाची. मागे देऊळ, पुढे माणूस; दोघांची गाठ कागदावरच पडलेली. पुढे १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा प्रचंड ग्रंथ निघाला. त्यातही बहुतेकांची ओळख जमातीपुरती, आणि शेजारी त्या जमातीचा स्वभाव कसा याचे दोन-चार उद्धट परिच्छेद. सत्तावनच्या उठावानंतर राज्यकर्त्यांना आपली प्रजा ओळखून घ्यावयाची होती. पण ओळख करून घ्यावयाची नव्हती. आमच्या आजींना एस.टी.च्या थांब्यावरून उचलून दुष्काळी रानात उभे करणारा कलावंत जॉन्सनचाच वारस म्हणावयाचा. त्याला कात्री लागली नाही, मागचे धूसर केले की काम भागले, एवढाच काय तो फरक.

आता अर्जाकडे. कायद्याचे माझे ज्ञान शाळामास्तराचे. म्हणून नगरला गेलो असता ओळखीच्या एका वकिलांना गाठले. त्यांनी पहिलाच धक्का दिला. म्हणाले, "गुरुजी, ते चित्र आजींचे नव्हेच." १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते घेणारा, आणि सामान्यतः मालकही तोच. अपवाद असा की कुणी मोबदला देऊन स्वतः छायाचित्र काढवून घेतले असेल, तर वेगळा करार नसताना मालकी काढवून घेणाऱ्याची. म्हणजे आजी नवे लुगडे नेसून, पन्नास रुपये मोजून स्टुडिओत बसल्या असत्या तर तो फोटो त्यांचा झाला असता. त्यांना न सांगता, फुकट काढला, म्हणून तो त्यांचा नाही. मी हे पुन्हा एकदा विचारून घेतले. वकील म्हणाले, बरोबर ऐकलेत.

मग बायकांचे नको तसे फोटो काढणाऱ्यांना शिक्षा होते ती कशी? तर माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६-ई हे कलम आहे. शरीराचे खाजगी भाग संमतीवाचून टिपले किंवा पसरवले तर तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१३ साली दंडसंहितेत चोरून पाहण्या-टिपण्याविरुद्ध कलम आले. ते आता भारतीय न्याय संहितेत ७७ वे आहे. तेही स्त्री खाजगी कृत्यात असताना टिपले तर. केरळच्या उच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केले की घरासमोर उघड्यावर उभ्या असलेल्या स्त्रीचा फोटो काढणे ह्या गुन्ह्यात बसत नाही. विनयभंगाचे कलम लागते की नाही ते निराळे पाहावे. आजींचे लुगडे फाटले होते ते खांद्यावर. खांदा कायद्याच्या यादीत नाही. आणि त्यांची लाज शरीराची नव्हतीच. ती घराण्याची होती, सुनेची होती, लेकीच्या सासरची होती. तिला कुठले कलम लावणार?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या निकालपत्रात असेही म्हटले आहे की माणूस चारचौघांत आला एवढ्याने त्याचा खाजगीपणा संपत नाही. तो जागेला नव्हे, माणसाला चिकटलेला असतो. हा विचार मला फार आवडला. एस.टी.च्या थांब्यावर उभी असलेली बाई ही थांब्याची मालमत्ता नव्हे, असेच जणू न्यायमूर्तींनी सांगितले. परंतु मूलभूत हक्क प्रामुख्याने सरकारविरुद्ध मागावयाचे. बियाण्याच्या कंपनीविरुद्ध ते थेट कसे वापरावयाचे, हा वकिलांचा प्रश्न. २०२३ साली माणसांच्या माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य बंधने लागू करण्यास अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. घरगुती आणि स्वतःच्या कामापुरता वापर त्यातून वगळला आहे. कॅलेंडर छापणारी कंपनी काही घरगुती नव्हे, तेव्हा पुढे कुणा आजीला त्याचा उपयोग होईलही.

हे सारे मी एका म्हातारीच्या हट्टापायी लिहितो आहे असे कुणास वाटेल, म्हणून दुसरी हकीकत सांगतो. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातल्याच एका स्त्रीचा अर्ज आला. तिचे म्हणणे असे की एका स्थानिक छायाचित्रकाराने तिचा फोटो काढला आणि तिला न विचारता तो शटरस्टॉक या अमेरिकन कंपनीच्या संकेतस्थळावर चढवला. तेथून तो कुणीही घ्यावा. महाराष्ट्र, तेलंगणा, कर्नाटक, ओडिशा या सरकारांनी, केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने, काँग्रेस पक्षाने आणि काही खाजगी संस्थांनी तो आपापल्या जाहिरातींत आणि संकेतस्थळांवर वापरला, अशी तिची तक्रार. न्यायालयाने १० मार्च रोजी प्रश्न गंभीर असल्याचे सांगून सर्वांना नोटिसा काढल्या. ह्यात कायद्याचे काय ते न्यायालय पाहील. मला त्यातली टीकाकाराची गोष्ट दिसते. एकच चेहरा चार राज्यांत चालला, कारण तो कुणाचाच नाही असे सर्वांनी धरून चालले होते. कुठल्या योजनेत तिला काय मिळाले, हे चित्राला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. लाभार्थी दिसावी अशी एक बाई हवी होती, ती मिळाली.

गायकांना, नटांना न्यायालये आता लवकर पावतात. आपल्या आशाताई भोसले यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करणाऱ्यांना मुंबईच्याच न्यायालयाने २०२५ साली आवरले, आणि ते योग्यच झाले. प्रसिद्ध माणसाच्या चेहऱ्याला आणि आवाजाला बाजारात किंमत असते, म्हणून नुकसान मोजता येते. आजींच्या चेहऱ्याची किंमत काय लावणार?

हा अर्ज दुसऱ्या देशात लिहिला असता तर तो कुठे गेला असता, याची मला उत्सुकता लागली. जर्मनीत ३० जुलै १८९८ रोजी बिस्मार्क वारला. त्या रात्री दोन छायाचित्रकार त्याच्या शयनगृहात शिरले आणि मृत्युशय्येवरचा फोटो घेऊन निघून आले. मोठा गहजब झाला, आणि शेवटी १९०७ साली कायदा आला की माणसाचे चित्र त्याच्या संमतीवाचून प्रसिद्ध करता येणार नाही. अपवाद ठेवले ते शहाणपणाचे : समकालीन इतिहासातल्या घटना, सभा-मिरवणुका, आणि देखाव्यात केवळ ओघाने आलेली माणसे. लोखंडी चॅन्सेलरच्या प्रेताची विटंबना झाली तेव्हा कुठे जर्मनीतल्या भाजीवालीला तिचा चेहरा मिळाला. कॅनडात माँट्रियल शहरी एका इमारतीच्या पायरीवर बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीचा फोटो एका कलाविषयक मासिकाने न विचारता छापला. फोटोत वावगे काहीच नव्हते. पण तिच्या बरोबरीची मुले तिला हसली. ती न्यायालयात गेली आणि १९९८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तिला दोन हजार डॉलरांची भरपाई कायम केली. उलट न्यूयॉर्कमध्ये भर रस्त्यात दिवे लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे टिपणाऱ्या दिकोर्शिया या छायाचित्रकाराच्या बाजूने २००६ साली निकाल लागला. ज्या वृद्ध यहुदी गृहस्थाने तक्रार केली, त्याच्या धर्मश्रद्धेला असे चित्र मान्य नव्हते. एकेक प्रत वीस-तीस हजार डॉलरांना विकली गेली होती, तरी ती कला, व्यापार नव्हे, असे ठरले. माझे मत विचाराल तर पायरीवरच्या मुलीला मिळाले ते मला न्याय्य वाटते.

आता एवढे लिहिल्यावर मलाच भीती वाटते की उद्या एखादा साहेब हाच लेख पुढे करून विचारील, "फोटो काढलात, परवानगी घेतली होती का?" हा प्रश्न नेहमी कोण विचारतो ते आपण पाहतो. ज्याच्या हातात काठी आहे तो विचारतो, ज्याच्या पाठीवर ती पडते तो नाही. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या नगर जिल्ह्यातल्या बायका सरकारी कामावर खडी फोडत होत्या. माझा जन्म त्यानंतरचा. मी ते फोटोंतच पाहिले. उन्हात बसलेल्या त्या बायकांच्या रांगा कुणी टिपल्या नसत्या, किंवा प्रत्येकीचा अंगठा घेतल्यावाचून टिपता येत नसत्या, तर माझ्या पिढीला ते दिसले नसते. भोपाळला १९८४ साली मातीत अर्धवट पुरलेल्या त्या बालकाचा चेहरा रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी घेतला. तेथे संमती कोण कुणाची घेणार होते? त्या चित्रात त्या बाळाचे काय केले गेले ते दिसते, म्हणून त्या चित्राला तेथे असण्याचा हक्क आहे. कॅलेंडरात आजींचे काय झाले ते दिसत नाही. तेथे बियाणे विकायला आजी लागल्या, एवढेच. कायद्याला रेघ मारावयाचीच असेल तर ती मला येथे मारावीशी वाटते, कॅमेरा उचलण्याच्या जागी नव्हे.

तरीही एक सल राहतोच. अमेरिकेत १९३६ साली डोरोथिया लँग हिने कॅलिफोर्नियात एका मजूर आईचे जे छायाचित्र काढले, ते जगातल्या अत्यंत प्रसिद्ध चित्रांपैकी एक आहे. दोन्ही खांद्यांवर तोंड लपवलेली मुले, मध्ये आईचा चिंतेने आवळलेला चेहरा. ते काढणे योग्यच होते; भुकेल्या मजुरांची हाक त्याने सरकारपर्यंत पोचवली. पण लँगने तिचे नाव विचारले नाही. ती फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, हे जगाला १९७८ साली कळले, आणि तेव्हा त्या बाईने आपली नाराजी स्पष्ट बोलून दाखवली. बेचाळीस वर्षे ती एका मथळ्याखाली जगली. नाव विचारावयास असा कितीसा वेळ लागला असता!

विचारणारे असतात, हेही सांगावयास पाहिजे. आपल्या सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची छायाचित्रे घेतली, ती त्यांच्या कामाच्या जागी आणि त्यांच्या घरात जाऊन. गटारात उतरलेला माणूस त्यांच्या चित्रात 'श्रम' होत नाही. तो कुणाचा तरी बाप आहे, घरी जाऊन अंघोळ करणार आहे, हे चित्रात कुठेतरी असते. चार दिवस बरोबर राहिल्याने जे येते, ते गाडीतून उतरून येत नाही.

मी स्वतः काय करतो, असे वाचक विचारतील, विचारावेच. मी कादंबऱ्या लिहितो. त्यांत सुप्याची आणि आसपासची माणसे येतात आणि त्यांना मी कधी विचारलेले नाही. नाव बदलतो, गाव बदलतो, एकाच्या मिशा दुसऱ्याला लावतो. एवढी मोडतोड करूनही एका गृहस्थांनी स्वतःला ओळखले आणि वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' नावागावानिशी आली आणि त्या नावांनीच मराठी वाचकाच्या घरात राहिली. तेवढी माया आणि तेवढे धैर्य माझ्यात नाही. तरी लेखणीला एक सोय आहे. तिला चेहरा बदलता येतो. कॅमेऱ्याला ते साधत नाही. तो नेमका तोच चेहरा उचलतो, फाटक्या लुगड्यासकट. म्हणून त्याने विचारण्याची गरज माझ्यापेक्षा अधिक.

संमतीच्या कागदावरही माझा फार भरवसा नाही. गावात कागदावर अंगठा मिळवणे अवघड नसते. अनुदानाचा म्हणून कुठलाही कागद पुढे करा. एखाद्याने आजींचा अंगठा घेतला असता तर आजींची तक्रार मिटली नसती, फक्त कंपनीची काळजी मिटली असती. चित्र विकावयाच्या आधी माणसाला ते दाखवले पाहिजे, आणि 'हे नको, नव्या लुगड्यातले घ्या' असे म्हणण्याची सवड त्याला असली पाहिजे. कायद्यात हे कसे लिहितात ते मला माहीत नाही.

अर्ज मी अखेर कंपनीच्याच नावे लिहिला. आजींनी सांगितले तसेच लिहिले : हे पान काढून टाकावे, अथवा नवीन फोटो काढून लावावा, अर्जदार तयार आहे. दोन रजिस्टर पत्रे गेली. उत्तर आले नाही. जून संपला आणि दुकानदाराने पान उलटले; जुलैच्या पानावर बैलजोडी होती. तरी आजींनी दुकानात जाऊन जूनचे पान मागून आणले.

पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी मुलांची पुस्तके तपासत होतो. त्यांच्या नातवाच्या भूगोलाच्या पुस्तकाला जाड, गुळगुळीत कागदाचे कव्हर घातलेले होते. कोरी बाजू वर होती आणि तिच्यावर त्याने ठळक अक्षरांत आपले नाव, इयत्ता आणि गाव लिहिले होते. मी कव्हराची कडा जराशी उचलून पाहिली, आणि पुस्तक त्याला परत दिले.